अक्काच्या पायांतल्या झिणझिण्या

टेस्टरचा दिवा लागला तेव्हा मी जेटीच्या लाकडी फळ्यांवर उभी होते आणि टेस्टरचं टोक बोटीच्या लोखंडी कठड्याला टेकलेलं होतं. त्याच कठड्याला धरून, हातभर अंतरावर, तुळजाक्का बोटीच्या पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत तलावात.

टेस्टर म्हणजे आपला साधा, घरात असतो तो. स्क्रू ड्रायव्हरसारखा, आत बारीक लाल दिवा. ज्या वस्तूत करंट नसायला हवा तिथे तो दिवा लागला तर काहीतरी चुकलेलं असतं. कधी कधी तो उगाचही लागतो. पण समोरच्या माणसाचे पाय पाण्यात असले की 'उगाच' असं धरून चालायचं नसतं.

मी ओरडले नाही. दचकलेलं माणूस आधी हाताशी असतं तेच घट्ट धरतं, आणि अक्कांच्या हाताशी कठडा होता. मी वळले आणि धावत जेटीच्या तोंडाशी असलेल्या पेटीपाशी गेले. मेन स्विच खाली ओढला. परत आले, कठड्याला पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग म्हटलं, "अक्का, पाय वर घ्या."

"का गं? साप दिसला?"

"सापच समजा."

"अय्यो!" म्हणून त्यांनी पाय वर घेतले, साडीच्या पदराने पुसले आणि पाण्यात वाकून साप शोधायला लागल्या.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बेंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका लहान कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. आम्ही पॅनेल बनवायचो. पॅनेल म्हणजे विजेची पेटी: आत स्विच, ब्रेकर, मीटर. गिरणीला लागतं तसं, पंपहाऊसला लागतं तसं, ज्याला जसं हवं तसं. माझे वडील चामराजपेटेत शिंपी. आमच्या सगळ्या गोतावळ्यात डिग्री घेतलेली मी पहिली, आणि ती डिग्री कुणी ओळखीने दिलेली नव्हती. हे मी आजही सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे.

आनेकलच्या बाजूला एका तलावावर बोट क्लब होता. फार मोठा नाही. पाच-सहा बोटी आणि एक जेटी. तिथे आम्ही शोअर पॉवरची पेटी बसवली होती. शोअर पॉवर म्हणजे किनाऱ्यावरची वीज. बोट जेटीला बांधलेली असते तेव्हा तिच्यातला पंखा, दिवा, फ्रिज चालवायला किनाऱ्यावरून एक जाड केबल बोटीपर्यंत नेतात. एक प्लग किनाऱ्याच्या पेटीत, दुसरा बोटीच्या सॉकेटमध्ये. ऐकायला घरातल्या एक्स्टेंशन बोर्डसारखं वाटतं. फरक एवढाच की घर पाण्यात तरंगत नाही.

त्या दिवशी मी वर्षाची तपासणी करायला गेले होते. शनिवार होता. जेटीच्या टोकाला गणोजीअण्णांची बोट होती. अण्णा सरकारी कारखान्यातून वेल्डिंगचे फोरमन म्हणून रिटायर झालेले. ही माणसं बेंगळूरची जुनी मराठी. घरात मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कन्नड. आमच्याही घरी तसंच, म्हणून ओळख व्हायला वेळ लागला नाही. तुळजाक्का त्यांच्या पत्नी. त्यांचं माहेर हरिहरचं, तुंगभद्रेच्या काठावरचं. लग्न होऊन बेंगळूरला आल्या आणि आयुष्यभर एकच तक्रार करत राहिल्या: "तुमच्या गावात नळ आहेत, पाणी नाही." अण्णांनी रिटायर झाल्यावर पत्रा कापून, जोडून, रंगवून बायकोसाठी लोखंडी बोट बांधली. एक खोली, दोन बाकडी, एक लहान फ्रिज. शनिवार-रविवार दोघं तिथे राहायची.

मी मेन बंद केला तेव्हा अण्णा दूध आणायला गावात गेले होते.

"साप नाही गं कुठे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, कठड्यात करंट होता. तुम्हाला काही जाणवत नव्हतं?"

"मला? छे. माझ्या पायांना आता काय जाणवणार. शुगर आहे ना मला. इन्सुलिनवर आहे." त्यांनी तळवे माझ्यापुढे केले. "दसऱ्यापासून झिणझिण्या येतात. मुंग्या चावल्यासारखं. दसऱ्याला पुरणाचे होळगे खाल्ले, दोनच खाल्ले, पण हे म्हणतात त्यानेच शुगर चढली. डॉक्टरही म्हणाले, शुगरने पायांच्या शिरा बिघडतात. तेव्हापासून माझ्या कॉफीत साखर नाही, ताटात गोड नाही. हे रोज पायांना तेल चोळतात."

"झिणझिण्या कधी येतात?"

"शनिवार-रविवार जास्त. आठवड्याचं दमणं तेव्हा बाहेर येत असेल."

"इथे, असे पाय सोडून बसल्यावर?"

"हो."

"आणि घरी?"

त्यांनी कठड्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग माझ्या हातातल्या टेस्टरकडे. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण हिशेब लागायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"घरी नाही येत गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना बोटीवरून उतरवून जेटीवर बसवलं, कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं आणि कामाला लागले. किनाऱ्याच्या ओल्या चिखलात एक लोखंडी सळई ठोकली. मल्टिमीटरचं एक टोक सळईला, दुसरं बोटीला. मेन मिनिटभर चालू केला. चाळीसच्या आसपास व्होल्ट. म्हणजे आख्खी बोटच भारलेली होती, आणि तिच्यातून करंट तलावात झिरपत होता.

चाळीस व्होल्ट म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. कोरड्या जमिनीवर नसेलही. पण गोड्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. समुद्राचं पाणी खारट, वीज त्यातून सहज जाते आणि माणसाला वळसा घालून निघून जाते. तलावाचं पाणी तेवढं सोयीचं नसतं. माणसाच्या अंगात मीठ असतं, त्यामुळे विजेला पाण्यापेक्षा माणूस बरा वाटतो. ती त्याच्यातून रस्ता काढते. थोडी असेल तर झिणझिण्या. थोडी वाढली की स्नायू आखडतात. पट्टीचा पोहणाराही हातपाय हलवू शकत नाही आणि आवाज न करता बुडतो. लोक म्हणतात, दम लागला असेल.

हे सगळं होऊ नये म्हणून आमच्या पेटीत ईएलसीबी असतो. त्याचं काम सोपं आहे. बोटीकडे किती करंट गेला आणि परत किती आला, हे तो सतत ताडून बघतो. गेला त्यापेक्षा कमी परत आला, म्हणजे मधे कुठेतरी गळती आहे. तो फट् करून पडतो आणि वीज तोडतो. मग इथे का पडला नाही? मी पेटीतल्या अण्णांच्या सॉकेटच्या वरचं झाकण उघडलं. ईएलसीबीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला वायरचे दोन तुकडे जोडलेले होते. नीट सोललेले, स्क्रू घट्ट आवळलेले. वीज राखणदाराला न भेटता मागच्या दाराने ये-जा करत होती.

असं सफाईदार काम त्या क्लबात एकच माणूस करू शकत होता.

मी पेटीतून मान वर काढली तर अक्का शेजारी येऊन उभ्या. त्यांनीही ती वायर बघितली.

"ह्यांनी जोडली," त्या म्हणाल्या. "आयुधपूजेच्या दिवशी. आरतीच्या वेळेला लाईट गेली होती." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "सरोजा, एक ऐक माझं. ह्यांना सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"माझे पाय ह्या वायरमुळे. तू गुपचूप काढून टाक. मी म्हणेन गोड सोडलं, बरं वाटलं. हा माणूस दसऱ्यापासून माझे पाय मांडीवर घेऊन बसतोय गं. तेल चोळताना तोंडाने देवाचं नाव चालू असतं. त्यांच्याच हाताने मला हे झालं असं कळलं तर उद्या गॅस कटर आणून बोट कापतील. मी ओळखते ना."

मी तेव्हा पंचविशीत होते, लग्न झालेलं नव्हतं. नवरा-बायकोच्या मधे काय बोलावं हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. शिकवलं होतं ते एवढंच, की गळतीचं कारण सापडल्याशिवाय वीज परत जोडायची नाही, आणि कारण ज्याला कळायला हवं त्याला कळल्याशिवाय ते काम पुरं झालं असं म्हणायचं नाही.

"अक्का, नाही सांगितलं तर पुढच्या वेळी ईएलसीबी पडेल तेव्हा ते परत वायर जोडतील. त्यांच्या लेखी त्या वायरने काही बिघडलेलंच नाही ना."

"मी लक्ष ठेवीन."

"पाण्यात असताना?"

अक्कांनी माझं मनगट सोडलं. मग स्वतःच म्हणाल्या, "पाडव्यापासून मी कार्तिकस्नान करणार होते. हरिहरला आम्ही नदीवर जायचो पहाटे. इथे शिडी धरून उतरायचं ठरवलं होतं."

दिवाळी पुढच्याच आठवड्यात होती. पहाटेचा अंधार, गार पाणी, ओल्या अंगाने लोखंडी शिडी धरलेली साठीची बाई, आणि चालू केबल. मी शिडीकडे बघितलं. अक्कांनीही बघितलं.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "सांग. पण स्वल्प हळू सांग."

एवढ्यात दुधाची किटली घेऊन अण्णा जेटीवर आले. पंखा बंद दिसला आणि लांबूनच सुरू झाले.

"करंट कोणी काढला? अगं फ्रिजमधे हिचं इन्सुलिन आहे!"

"अण्णा, मी काढला. इन्सुलिनला ह्या हवेत दोन तास काही होत नाही."

"ओहो, इंजिनेर बाई! तुमचा तो ईएलसीबी नाजूक हो फार. काय झालं की पडतो. पूजेला बसलो, आरती हातात घेतली, आणि फट्! देवापुढे अंधार. फ्रिज बंद. मी म्हटलं हे बेडा, नकोच. दोन वायरी टाकल्या, प्रश्न मिटला. तेव्हापासून एकदा पडला नाही."

हे त्यांनी लपवलं नाही, उलट कौतुकाने सांगितलं. चांगलं काम केलं असंच त्यांना वाटत होतं. मला आधी थोडा राग होता. तो तिथे गेला.

"अण्णा, त्या दिवशी पूजेच्या आधी काय काय धुतलंत?"

"काय म्हणजे? सगळं. आयुधपूजा आहे. बोट धुतली, इंजिन धुतलं, पाने, हातोडी, वेल्डिंगचं होल्डर. केबल धुतली, सॉकेट धुतलं. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली."

बेंगळूरात नवमीला हे घरोघरी होतं. रिक्षा धुतात, लेथ मशीन धुतात. माझ्या वडिलांच्या दुकानात शिलाईची मशीन पुसून, तेल घालून, फुलं वाहून ठेवतात. ज्या हत्याराने पोट भरतं त्याचा एक दिवस. मीही माझ्या मल्टिमीटरला कुंकू लावते. फक्त त्याच्या केसवर.

मी अण्णांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "मेन बंद आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी टेस्टर लावून बघा. मग बोटीकडचं सॉकेट तुम्ही उघडा."

"तू उघड की."

"तुमची बोट आहे."

मी सांगून त्यांना जे पटलं नसतं ते सॉकेटने सांगितलं असतं, असा माझा हिशेब होता. चाळीस वर्षं लोखंडात काम केलेला माणूस कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवतो. त्यांनी टेस्टर लावला, चष्मा पुसला, स्क्रू काढले. आत हळदकुंकवाचा सुकलेला लगदा होता. झेंडूची एक पाकळीही होती. आणि वीज आणणाऱ्या फेजच्या पिनपासून जमिनीला जोडणाऱ्या अर्थच्या पिनपर्यंत एक काळी रेघ, जळलेल्या दोऱ्यासारखी.

अण्णांनी रेघेवरून नख फिरवलं. बोटाला काजळी लागली. ती त्यांनी हुंगली.

"कार्बन," ते म्हणाले.

"हो. ओलं कुंकू आत गेलं. त्यातून थोडा करंट वाहायला लागला, तिथे जळलं, आणि कार्बन झाला. कार्बन परत वीज वाहून नेतो. म्हणून ही रेघ दर आठवड्याला थोडी जाड होत जाते."

"पण अर्थ आहे ना. गळलेला करंट अर्थच्या वायरने जमिनीत जाईल." त्यांना सगळं येत होतं.

"आता किनाऱ्याकडचा प्लग उघडा."

तोही त्यांनीच उघडला. केबल क्लबची जुनी, तिच्या वायरी प्लगमध्ये कुणी भरल्या होत्या कोण जाणे. पावसाळ्यात तलाव चढला, बोट वर आली, केबल ताणली गेली. प्लगमधली हिरवी, म्हणजे अर्थची, वायर स्क्रूमधून निसटून बाजूला पडली होती. प्लग भरताना अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा लांब ठेवायची असते. म्हणजे केबल ओढली गेली तर बाकीच्या आधी निसटतात आणि ती शेवटी. इथे तीच सगळ्यात आखूड होती.

अण्णा प्लग हातात धरून उभे राहिले. त्यांच्या मनात एकेक कडी जोडली जात होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"फेज इथून अर्थच्या पिनवर आला," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "पिन बोटीला जोडलेली. किनाऱ्याला अर्थ नाही. मग बोटीतून जाणार कुठे? पाण्यात." ते थांबले. त्यांनी अक्कांच्या पायांकडे बघितलं. "झिणझिण्या?"

"हो, अण्णा."

"शुगर नव्हती?"

"शुगर आहे. झिणझिण्या तिच्या नव्हत्या."

"ईएलसीबी असता तर?"

मी हळू सांगायचं कबूल केलं होतं. पण ह्याला हळू उत्तर नव्हतं. "पडला असता. पूजेच्या दिवशी पडला तो हेच सांगत होता."

अण्णा जेटीवर मटकन बसले. किटली कलंडली, थोडं दूध सांडलं, ते त्यांनी बघितलंही नाही. मग म्हणाले, "मी रोज तेल चोळत होतो. आणि दर शनिवारी हिला इथे आणून बसवत होतो."

मी स्क्रू गोळा करत बसले. एक सापडत नव्हता, बरं झालं.

"बोट काढून टाकू," अण्णा म्हणाले. "कापून भंगारात देतो."

अक्का जणू ह्याच वाक्याची वाट बघत होत्या.

"द्या. आणि मला घरी टबात बसवा, वरून नळ सोडा. त्यालाच तुंगभद्रा म्हणेन."

"तुळजा, चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? चाळीस वर्षं संसार केला. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यामुळे माझ्या अंगात झिणझिण्या आल्या, तर त्याही ह्या कंपनीच्या बाईने येऊन बंद केल्या."

मी मान खाली घालून तो स्क्रू आणखी जोरात शोधायला लागले.

"पोरीसमोर काय बोलतेस! स्वल्प लाज धर," अण्णा म्हणाले. पण त्यांचा चेहरा सैल झाला. मग हसू आलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी. अक्का त्यांच्या शेजारी बसल्या आणि पदराने त्यांचा चष्मा पुसायला घेतला. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "लाईट गेली तर इन्सुलिन खराब होईल, हिला काही होईल, म्हणूनच वायर टाकलीत ना? मला नको का कळायला? बोट कापायची नाही. ती सांगते ते शिकून घ्या."

त्या दिवशी मी वीज जोडली नाही. दोन वायरी काढल्या, दोन्ही प्लग पिशवीत घातले आणि निघाले. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून अण्णा अक्कांना घेऊन घरी गेले.

सोमवारी मी आमच्या मूर्ती सरांसमोर उभी राहिले. कारखाना त्यांचा. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता.

"आपलं पॅनेल ओके आहे ना?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"ओके आहे, सर."

"मग रिपोर्टमधे लिही, कस्टमर टॅम्परिंग. फिनिश."

"फिनिश नाही, सर. साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतं म्हणून त्यांनी उघडलं. ईएलसीबीवर कुलूप हवं. आणि झाकणावर सूचनांची पट्टी हवी, कन्नडमधे. आपण सगळं इंग्लिशमधे छापलंय."

"डिझाईन तू केलंयस का?"

"नाही सर, म्हणूनच सांगते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जे चुकलंय ते कस्टमरचं चुकलंय, सरोजा."

"त्यांचं चुकलं हे मी लिहिलंय, सर. पण ईएलसीबी पडला तर काय करायचं, हे त्यांना आपल्यापैकी कुणी सांगितलं होतं?"

सरांनी रिपोर्ट ओढून घेतला, वाचला, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: कुलूप, पट्टी. शाबासकी वगैरे नाही. पण पुढच्या सगळ्या पेट्यांना कुलूप लागलं.

दिवाळीच्या आधी मी नवे प्लग आणि लांब केबल घेऊन तलावावर गेले. अण्णा पहिल्यापासून शेवटपर्यंत शेजारी उभे होते. प्लग त्यांनीच भरला, हिरवी वायर सगळ्यात लांब ठेवून. केबल पाण्यात लोंबणार नाही आणि तलाव चढला-उतरला तरी ताणली जाणार नाही एवढी सैल बांधली. मी त्यांना क्रम सांगितला. जोडताना स्विच बंद ठेवून आधी बोटीकडचं टोक, मग किनाऱ्याकडचं, आणि स्विच शेवटी. काढताना उलटं. असं केलं की जिवंत टोक हातात घेऊन पाण्यावरून चालायची वेळ येत नाही. सॉकेट वापरात नसलं की टोपी लावायची. धुवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं.

"आणि पूजा?" अण्णांनी विचारलं.

"टोपी बंद करून, बाहेरून. कुंकू कोरडं."

ईएलसीबीवर एक टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की तो पडला पाहिजे. महिन्यातून एकदा तरी दाबायचं. अण्णांनी दाबलं. फट् झालं, पंखा थांबला. त्यांनी अक्कांकडे बघून लहान मुलासारखं सांगितलं, "पडला!" परत चालू केला, परत दाबला. तिसऱ्या वेळी अक्काच म्हणाल्या, "पुरे आता, नाहीतर दमेल तो."

मग मी कार्तिकस्नानाचं काढलं. सांगितलं की सगळं नवीन आहे, तपासलेलं आहे, तरीही पाण्यात माणूस उतरणार असेल तेव्हा केबल काढूनच ठेवायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच कुणीही चुकून चालू करू शकतो. कारखान्यात आम्ही मशीनच्या आत हात घालताना मेनची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. ज्याचा जीव, त्याच्याकडे किल्ली.

पाडव्याला कारखाना बंद होता. पहाटे अण्णांनी बोलावलं म्हणून मी गेले. उजाडत होतं, तलावावर धुकं होतं. अण्णांनी स्विच बंद केला, किनाऱ्याचा प्लग उपसला, मग बोटीकडचा. आख्खी केबल गुंडाळून जेटीवरून बोटीपाशी आणली.

"इथे ठेवू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला दिसेल अशी ठेवा."

अण्णांनी ती खाली ठेवलीच नाही. वेटोळं छातीशी धरून ते शिडीसमोर उभे राहिले, दोन्ही प्लग बाहेर लोंबत, अक्कांना दिसतील असे. अक्का एकेक पायरी उतरल्या. पाणी गुडघ्यांना लागलं, कमरेला लागलं. त्या थांबल्या, लक्ष देऊन पायांना काय वाटतं ते बघितलं.

"काय?" अण्णांचा आवाज चिरकला.

"गार आहे," अक्का म्हणाल्या. "बाकी काही नाही." आणि त्यांनी नाक धरून बुडी मारली.

महिनाभर हेच चाललं असं नंतर कळलं. शुगर होती तेवढीच राहिली आणि होळगे काही परत मिळाले नाहीत. त्याचं खापर अक्कांनी डॉक्टरवर फोडलं.

ब्रेकर पडला की लोक पहिला प्रश्न विचारतात, हा परत चालू कसा करायचा. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून मी एवढंच सांगेन: आधी तो का पडला ते विचारा. आणि पाण्यात कुणी उतरणार असेल, तर केबल काढून त्याला दिसेल अशी हातात धरून उभे राहा. हात दुखतात थोडे. बाकी काही होत नाही.